नातेवाईकांनी आत यावं

"मला जेवायला देत नाहीत."

सोसायटीच्या जिन्यात एखादी आजी शेजारणीला एवढंच सांगते आणि त्या घराचा निकाल तिथल्या तिथे लागतो. संध्याकाळपर्यंत खालच्या बाकावर सगळ्यांना कळलेलं असतं की तिसऱ्या मजल्यावरची सून सासूला उपाशी ठेवते. आजींनी अर्ध्या तासापूर्वी वरणभात खाल्लेला असतो, तोही सुनेनंच कालवून दिलेला. तरीही आजी खोटं बोलत नसतात. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग फार लवकर निकामी होऊ लागतो आणि ताज्या घटनांची आठवण साठवण्याचं काम त्याचंच असतं. जेवण झालं, पण जेवल्याची नोंद कुठेच झाली नाही. माहेरच्या लग्नात पंगतीला काय काय होतं ते त्या सांगतील, आज ताटात कोणती भाजी होती ते सांगता येणार नाही.

बांगडीचंही तसंच. बांगडी त्यांनीच जपून तांदळाच्या डब्यात ठेवलेली असते. ठेवल्याचं आठवत नाही, बांगडी मात्र जागेवर नाही, म्हणजे कुणीतरी घेतली. दिवसभर घरात असतं कोण? सून. किंवा आजींना सांभाळायला ठेवलेली ब्यूरोची बाई. स्मृतिभ्रंशातला चोरीचा संशय बहुतेक वेळा सगळ्यात जवळच्या, सगळ्यात जास्त करणाऱ्या माणसावर येतो. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या मुलाला आई कधीच चोर म्हणत नाही. त्यामुळे त्या मुलाला आईचं ऐकून वाटतं की घरी काहीतरी गडबड आहे, आणि जी रात्री तीनदा उठते तिला वाटतं की या घरात आपली किंमत शून्य आहे. मेंदूतला एक बिघाड असा दोन महिन्यांत पाच माणसांत पसरतो.

म्हातारपणच्या मानसिक आजारांत एकट्या रुग्णाला तपासून भागत नाही, असं मला या विषयावर वाचताना आणि माणसांशी बोलताना फार तीव्रतेने वाटत गेलं. औषधाची चिठ्ठी एका नावानं निघते. आजार मात्र घरभर असतो. फॅमिली थेरपी म्हणजे कुटुंबाला एकत्र बसवून करायचा मानसोपचार. नवराबायकोची भांडणं किंवा बिघडलेली मुलं एवढ्याशीच आपण तो जोडून ठेवला आहे. खरं तर त्याची सगळ्यात जास्त गरज सत्तरी-ऐंशीच्या रुग्णांना आणि त्यांचं करणाऱ्या पन्नाशीच्या मुला-सुनांना आहे.

गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. गोव्यातली वृद्ध माणसं, आरोग्यसेवक आणि डॉक्टर म्हातारपणच्या मनोविकारांकडे कसं पाहतात, हे त्यांनी त्यांच्याच बोलण्यातून समजून घेतलं. स्मृतिभ्रंश लोक ओळखत होते, पण ते वयानुसार होणारच असं धरून चालत होते. डॉक्टरकडे न्यायची ही गोष्ट आहे असं कुणाला वाटत नव्हतं. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना असे रुग्ण क्वचित दिसत आणि घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना नेहमी दिसत. अभ्यासातली दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. वृद्धांचा विसराळूपणा असो की खिन्नता, लोक त्याचं कारण एकच देत होते: मुलांनी हेळसांड केली, छळलं, माया केली नाही. लॉरेन्स कोहेन या मानववंशशास्त्रज्ञाला वाराणसीत काम करताना हेच आढळलं होतं. १९९८ च्या त्याच्या पुस्तकात तो सांगतो की तिथे म्हाताऱ्या माणसाचं भ्रमिष्टपण म्हणजे घर वाईट असल्याची खूण मानली जाते.

आता ज्या घरात आईला असं काही होऊ लागलंय त्या घराचा विचार करा. आईला दवाखान्यात नेणं म्हणजे आपण कमी पडलो अशी कबुली देणं. म्हणून नेत नाहीत. लपवतात. पाहुणे आले की आईला आतल्या खोलीत बसवतात, मग पाहुण्यांना खात्रीच पटते. भारतात साठीच्या पुढच्या माणसांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज देशव्यापी वार्धक्य सर्वेक्षणाच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झाला. एवढी सगळी घरं वाईट असू शकत नाहीत.

मराठी मनात या बाबतीत एक चित्र फार खोल बसलेलं आहे. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं. आप्पासाहेब बेलवलकरांनी सगळं मुलांना वाटून दिलं, आणि त्यांना घराबाहेर पडावं लागलं. त्या नाटकानं म्हाताऱ्या आईबापांच्या अपमानाला आवाज दिला आणि तो द्यायलाच हवा होता. पण पुढे आपण प्रत्येक घरात तेच नाटक शोधू लागलो. लेकीच्या घरी चोरीचा आळ बेलवलकरांवर येतो. स्मृतिभ्रंश झालेल्या घरात आळ घेणारे आईबापच असतात आणि डोळे पुसत पोळ्या लाटणारी सून असते. तिच्यासाठी आपल्याकडे नाटक नव्हतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटानं ती बाजू दाखवली. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री गाडीतून उतरून हत्तीच्या मागे निघून जातात. त्यांना शोधणाऱ्या मुलीच्या, इराच्या, जिवाची तगमग, तिचा थकवा आणि तिचा राग तो चित्रपट न लाजता दाखवतो. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, हा काही योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा तपशील नाही.

कुटुंबाला एकत्र बसवून उपचार करण्याची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. साल्वादोर मिनुचिन, मरे बोवेन यांनी तिला शास्त्र दिलं. मिनुचिन यांचं मुख्य पुस्तक १९७४ चं. लक्षण एका माणसात दिसतं, पण ते टिकून राहतं किंवा ओसरतं ते घरातल्या माणसांच्या एकमेकांशी वागण्याच्या पद्धतीमुळे, हा त्यांचा पाया. त्या काळातल्या पुस्तकांत रुग्ण म्हणजे मूल किंवा तरुण. आजी-आजोबा आले तर लुडबुड करणारी माणसं म्हणून. वृद्ध आणि त्यांची कुटुंबं यांच्या समुपदेशनावर जॉन हेर आणि जॉन वीकलंड यांचं स्वतंत्र पुस्तक यायला १९७९ साल उजाडलं.

या शास्त्राच्या तरुणपणातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण नातेवाईकांच्या मनातल्या भीतीचं मूळ तिथे आहे. १९४८ साली फ्रिडा फ्रॉम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनियाचा दोष आईच्या वागण्याकडे नेणारी कल्पना मांडली. पुढची कितीतरी वर्षं असंख्य आयांनी ते ओझं वाहिलं. ती कल्पना खोटी ठरली, पण "कुटुंबाला बोलवा" म्हटलं की घरच्यांना अजूनही आरोपीच्या पिंजऱ्यात बोलावल्यासारखं वाटतं. म्हणून चांगला थेरपिस्ट पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांसमोर स्पष्ट सांगतो: हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही. तुम्ही त्यात काय करू शकता, एवढंच आपण बघणार आहोत.

त्याआधी एक काम झालेलं असावं लागतं. शरीराची तपासणी. थायरॉईड, ब-१२, रक्तातलं सोडियम, लघवीचा संसर्ग, पडून डोक्याला लागलं असेल तर आत हळूहळू साचलेलं रक्त. यांतल्या कशानंही म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं वागू शकतं आणि यांतलं बरंचसं बरं होतं. आपल्या शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता तर नेहमीचीच. ऐकू न येणाऱ्या आजोबांना वाटतं की सगळे आपल्याविषयी कुजबुजतात. कानाचं यंत्र बसलं की अर्धा संशय जातो. रक्ततपासणीच्या आधी नात्यांची चिरफाड करत बसणं हा अपराध आहे.

मग बैठक. ती चालते कशी हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून एक घर कल्पून सांगतो. सांगलीकडचं घर समजा. वडील गेलेले, आई अठ्ठ्याहत्तरची. थोरला मुलगा गावी शेती बघतो, धाकटा पुण्यात नोकरीला, मुलगी इचलकरंजीत दिलेली. मुलीनं हक्कसोड पत्रावर सही केलेली आहे. १९९४ च्या राज्याच्या दुरुस्तीनं आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं मुलींना हिस्सा दिला, पण माहेर तुटू नये म्हणून सही करणाऱ्या बहिणी गावोगावी आहेत. वडील गेल्यावर भावांनी आईची पाळी लावली: दोन महिने गावी, दोन महिने पुण्यात. आई आता विसरते, रात्री उठून "घरी जायचंय" म्हणत दाराशी जाते. थोरल्या सुनेनं बांगडी घेतली असं तिनं मुलीला फोनवर सांगितलं. मुलीनं पुण्याच्या भावाला. पुण्याच्या भावानं थोरल्याला. थोरल्याचं आणि त्याच्या बायकोचं जे भांडण झालं ते आईनं दाराआडून ऐकलं, आणि बांगडीविषयीची तिची खात्री पक्की झाली.

या घरातली सगळी माणसं एका खोलीत येतात. थेरपिस्ट पहिला प्रश्न आईला विचारतो. ही साधी गोष्ट वाटेल, पण आपल्या दवाखान्यांत ती घडत नाही. म्हातारं माणूस खुर्चीत बसलेलं असतं आणि डॉक्टर मुलाकडे बघून विचारतात, "यांना झोप लागते का?" समोर असून नसल्यासारखं होणं म्हणजे काय, हे रुग्ण तिथेच शिकतो. आईला नीट सांगता आलं नाही, मध्येच विषय भरकटला, तरी चालतं. सुरुवात तिच्यापासून होते, आणि घरातली सगळी माणसं तिला बोलताना बघतात.

पुढचे प्रश्न फिरवून विचारलेले असतात. इटलीत मिलानला मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ही रीत घडवली. दोन माणसांमध्ये काय चाललंय ते तिसऱ्याला विचारायचं. मुलीला विचारतात: "ताई, आई बांगडीचं बोलतात तेव्हा या घरात सगळ्यात जास्त कुणाला लागतं, असं तुम्हाला वाटतं?" ताईनं आजवर आईचंच ऐकलेलं. वहिनीच्या बाजूनं या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ तिच्यावर कधी आलेली नसते. ती थांबते. वहिनीकडे बघते. धाकट्याला विचारतात: "तुमचा फोन ठेवल्यावर दादांच्या घरात काय होत असेल?" कुणालाही दोषी न ठरवता, प्रत्येकाला दुसऱ्याच्या जागी उभं करणारे हे प्रश्न. ऐकायला सोपे आहेत. ते त्या क्रमानं आणि त्या स्वरात विचारायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

त्यानंतर आजाराची माहिती, तीही सगळ्यांना एकाच वेळी, एकाच तोंडून. थोरल्या सुनेनं हीच माहिती पुण्याला फोन करून सांगितली असती तर ती सबब वाटली असती. "आई चोर म्हणतात तेव्हा वाद घालू नका, पुरावा देऊ नका, 'चला, आपण दोघी शोधू' म्हणा आणि शोधताना विषय बदला" हे डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ते घराचं धोरण होतं. वहिनीवरचा आळही त्याच क्षणी, सगळ्यांच्या साक्षीनं, उतरतो. माझ्या मते अशा बैठकीतून मिळणारं हे सगळ्यात मोठं औषध आहे, आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

मग पाळीचा प्रश्न येतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला ओळखीची जागा हाच आधार असतो: संडास कुठे, देव कुठे, पाण्याचा माठ कुठे, हे पायांना माहीत असतं. दर दोन महिन्यांनी घर बदललं की तो आधार निघतो, रात्रीचा गोंधळ वाढतो, आणि ज्याच्याकडे आई असते त्याच्यावर ठपका येतो. म्हणून आई एका ठिकाणी राहील आणि माणसं पाळीनं तिच्याकडे येतील असं ठरवावं लागतं. धाकटा महिन्यातून चार दिवस गावी येऊन राहील आणि त्या चार दिवसांत वहिनी माहेरी जाईल. रात्रीच्या बाईचे पैसे पुण्याहून येतील, ठरलेल्या तारखेला. दवाखान्यात न्यायचं काम ताईचं. "जमेल तसं बघू" हे वाक्य बैठकीत मान्य नसतं. कोण, कधी, किती, हे कागदावर उतरतं. भावाभावांतले अर्धे गैरसमज "मी तर म्हणालो होतो" या चार शब्दांत असतात.

काही घरांत एवढ्यावर भागत नाही, कारण आतला हिशोब जुना असतो. थोरल्यानं नववीत शाळा सोडली म्हणून धाकटा इंजिनिअर झाला. ते कुणी कधी बोललेलं नाही, पण बाईचे पैसे कोण देणार हा प्रश्न निघाला की तोच हिशोब वर येतो. हंगेरीत जन्मलेले आणि फिलाडेल्फियात काम केलेले इव्हान बोझोरमेनी-नॉज यांनी १९७३ साली जेराल्डिन स्पार्क यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात हेच मांडलं. प्रत्येक कुटुंबात देण्या-घेण्याची एक अदृश्य खातेवही असते, ती पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि तिच्यातली थकबाकी भलत्याच माणसाकडून वसूल होते. आईबापाचे पांग फेडायचे ही आपली भाषा तर याच हिशोबाची आहे. थेरपीत ही वही मोठ्यानं वाचली जाते. "दादा, तू शाळा सोडलीस म्हणून मी शिकलो" हे धाकट्यानं आईसमोर, थोरल्याच्या बायकोसमोर एकदा म्हणणं. पैशांचा वाद त्यानं संपेलच असं नाही. तो निदान पैशांचा वाद होतो.

आईबाबा आता लहान मूल झालेत, असं प्रेमानं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते वाक्य घातक वाटतं. मूल रोज काहीतरी शिकतं, रुग्ण रोज काहीतरी गमावतो, आणि गमावतोय हे त्याला आजाराच्या सुरुवातीच्या काळात नीट कळत असतं. ज्यांनी घर चालवलं त्यांच्यासमोर बोबडं बोलणं, चारचौघांत डायपरची चर्चा करणं, "आजी शहाण्या ना आमच्या" म्हणणं. मग त्या माणसानं ताट भिरकावलं की आजार वाढला असं म्हणायचं. मार्गारेट ब्लेंकनर यांनी १९६५ साली या टप्प्याला मुलांच्या प्रौढपणाचा टप्पा म्हटलं होतं: आईबाप आता आधार राहिले नाहीत, त्यांना आधार हवा आहे हे स्वीकारायचं आणि तरीही त्यांचं मूलच राहायचं. बोलायला सोपं आणि जगायला फार अवघड असं हे काम पन्नाशीत करावं लागतं, जेव्हा स्वतःचा मुलगा बारावीला असतो आणि गुडघे दुखायला लागलेले असतात.

"बाबांना सांगू नका" हा आणखी एक नेहमीचा प्रसंग. कॅन्सरचा रिपोर्ट घेऊन मुलगा आधी एकटा आत येतो आणि डॉक्टरांना हात जोडतो. बाबा बाहेर बसलेले असतात. त्यांना बहुतेक वेळा कळलेलंच असतं, आणि मुलांना त्रास नको म्हणून तेही गप्प असतात. दोन्हीकडून प्रेमापोटी सुरू झालेलं हे मौन शेवटच्या महिन्यांत दोघांनाही एकटं पाडतं. पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारात वेदना कमी करणाऱ्या सेवेत, काम करणारे डॉक्टर अशा वेळी घरच्यांवर संतापत नाहीत. तुम्हाला नेमकी कसली भीती वाटते, ते आधी मुलाला विचारतात. मग त्याच्या संमतीनं बाबांना विचारतात: तुमच्या तब्येतीविषयी तुम्हाला काय वाटतं, आणि किती जाणून घ्यायला आवडेल? बाबा "मला सगळं माहीत आहे" म्हणतात, तेव्हा खोलीत पहिल्यांदा खरं बोलणं सुरू होतं. मृत्युपत्राचं, बाकी राहिलेल्या भेटींचं, आयसीयूत न्यायचं की नाही याचं.

ही सगळी पद्धत परदेशी आहे, आपल्याकडे कोण घरातलं बाहेर काढणार, असं म्हणणाऱ्यांनी अमृतसरचा इतिहास वाचावा. १९५० च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांच्याकडे रुग्ण भरमसाट आणि कर्मचारी तुटपुंजे होते. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाईकांना रुग्णांसोबत राहायला बोलावलं. भिंतीआड माणूस टाकून घरचे निघून जात, त्या काळात हे घडलं. घरचे सोबत राहिले, आजार म्हणजे काय ते शिकले, आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही रुग्णासोबत घरच्यांनी राहायचं हाच पाया राहिला, आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये कुटुंबांसाठी वेगळा मानसोपचार विभाग उभा राहिला. जगातल्या श्रीमंत देशांत नातेवाईकांना दवाखान्यापर्यंत आणायला धडपड करावी लागते. आपल्याकडे एका रुग्णामागे चार माणसं आपणहून येतात, आणि आपण "रुग्णासोबत एकानेच थांबावे" अशी पाटी लावतो. ओपीडीतल्या गर्दीत प्रत्येक रुग्णाला पाच मिनिटंही मिळत नाहीत हे खरं आहे. पण बाहेर बाकावर बसलेली ती चार माणसं हाच आपल्याकडचा सगळ्यात मोठा उपचारसाठा आहे.

तो वापरता येतो, हे पुन्हा गोव्यानंच दाखवलं. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. गोव्यातल्या दोन तालुक्यांतली, स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेली ८१ कुटुंबं त्यांनी घेतली. ४१ घरांना लगेच घरपोच मदत मिळाली, ४० घरांना नेहमीची सेवा आणि चाचणी संपल्यावर मदत. घरी जाणारी माणसं डॉक्टर नव्हती. स्थानिक भाषा येणारी, वृद्धांसाठी काम करायची इच्छा असलेली साधी शिकलेली माणसं थोडक्या काळात तयार केलेली होती, आणि त्यांच्यामागे समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ उभे होते. सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, ती घरी जात. आजार समजावून सांगणं, आंघोळ-जेवण-संडासच्या अडचणींवर उपाय सुचवणं, चिडचिडीला आणि संशयाला कसं तोंड द्यायचं ते दाखवणं, गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत पोचवणं, सरकारी योजनेचा अर्ज भरायला मदत करणं, आणि अशाच दुसऱ्या घरांशी गाठ घालून देणं. त्या सहा महिन्यांत दोन्ही गटांतले मिळून १८ रुग्ण दगावले, इतकी ती माणसं आजारी होती. निष्कर्ष काळजीपूर्वक वाचावा लागतो. रुग्णाच्या वागण्यात खात्रीनं सांगण्याजोगा फरक पडला नाही. पण काळजी घेणाऱ्याचं मानसिक आरोग्य सुधारलं, आणि त्या वागण्यानं त्याला होणारा त्रास कमी झाला. आजार जवळपास तिथेच होता, घर मात्र बदललं होतं.

न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटेलमन यांनी केलेलं काम या क्षेत्रात नेहमी सांगितलं जातं. अल्झायमर झालेल्या जोडीदाराला सांभाळणाऱ्या नवऱ्या-बायकांना दोन वैयक्तिक आणि चार कौटुंबिक बैठका, पुढे आधारगट आणि गरज पडेल तेव्हा समुपदेशक. १९९६ च्या अहवालात रुग्णाला नर्सिंग होममध्ये ठेवण्याची वेळ ३२९ दिवसांनी लांबली. ४०६ जोडप्यांवरच्या २००६ च्या अहवालात हा काळ ५५७ दिवसांचा निघाला. आपल्याकडे नर्सिंग होम हे मोजमाप चालणार नाही, हे उघड आहे. मला त्यातल्या चार या आकड्यात रस आहे. आयुष्यभर चालणारी, न परवडणारी थेरपी कुणी मागत नाहीये; नीट घेतलेल्या चार कौटुंबिक बैठका त्या कामाच्या मध्यभागी होत्या. त्या बैठकांत रुग्ण नसे. आपल्याकडे आजार फार पुढे गेला नसेल तर रुग्णानं असावं असं मला वाटतं, निदान पहिल्या बैठकीला, कारण त्याच्या पाठीमागे झालेला कुठलाही निर्णय आपल्या घरांत कटासारखा वाटतो.

काही घरांना एकत्र बसवणं मात्र धोक्याचंही असतं. दंडावर वळ आहेत, बँकेचं पासबुक कुणीतरी काढून घेतलंय, कोऱ्या कागदावर अंगठा घेतलाय, अशा घरात म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर बोलायला लावलं तर त्याची किंमत त्याला रात्री मोजावी लागते. म्हणून जाणता थेरपिस्ट सुरुवातीलाच रुग्णाला काही वेळ एकट्यानं भेटतो. तिथे छळ दिसला की समेटाची भाषा थांबते आणि संरक्षणाची सुरू होते. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा त्यासाठी आहे. आईवडिलांना सोडून देणाऱ्याला त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडली तर परत घेता येते.

त्याच कायद्यात एक तरतूद आहे जिच्याकडे फार कमी लक्ष जातं. प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज आला की सुनावणीआधी तो समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येतो, आणि त्यानं महिनाभरात अहवाल द्यायचा असतो. हे काम स्वयंसेवी संस्थेच्या प्रतिनिधीलाही देता येतं. मूळ कायद्यात या कामकाजात वकिलाला जागा ठेवलेली नव्हती. म्हणजे घरातली माणसं, एक त्रयस्थ आणि एक महिना: कुटुंबाच्या बैठकीसाठी लागणारी सगळी चौकट कायद्यानं उपविभागाच्या पातळीवर आधीच आखून ठेवली आहे. समेट अधिकाऱ्याला फिरवून प्रश्न विचारायला शिकवा, त्याच्या हाताशी स्मृतिभ्रंश ओळखणारा एक माणूस द्या. पोटगीसाठी आलेल्या काही अर्जांत आईनं मुलावर केलेला उपासमारीचा आरोप जिन्यातल्या त्या आजींसारखाच, आजारातून आलेला असेल. त्या मुलाला हुकूम देण्याआधी आईची तपासणी व्हायला हवी. श्रावणबाळाच्या नावानं वृद्धांना निवृत्तीवेतन देणाऱ्या राज्याला एवढं जमण्यासारखं आहे.

तोवर घरच्यांनी काय करायचं? दिवाळीत बरीच घरं भरलेली असतात, पुण्या-मुंबईचे आणि परदेशातलेही आलेले असतात. आईबाबांपैकी कुणाचं वागणं वर्षभरात बदललं असेल तर सगळे आहेत तोवर डॉक्टरांची वेळ घ्या आणि सगळे जा. जो रोज करतो त्याला आधी बोलू द्या, जो दुरून आलाय त्यानं आधी ऐकावं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेच्या आणि आयुर्वेदिकही. राज्यात कुठूनही टेली-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक लागतात. पहिलं पाऊल कुठे टाकायचं तेवढं तरी तिथे विचारता येतं. घराची, जमिनीची गोष्ट त्याच बैठकीत काढू नका, तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. भाऊबीजेच्या दिवशी तर मुळीच नको. आणि वेळ सकाळची मागा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा गोंधळ दिवस कलला की वाढतो. सकाळी, चहा आणि आंघोळ झाल्यावर, आईंना स्वतःचं म्हणणं स्वतः सांगता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.